चर्च कुठे आहे, की चर्च कोण आहे?

प्रति,
मराठी वर्तमानपत्रांचे संपादक, उपसंपादक आणि वार्ताहर मंडळी यांस,



हे पत्र घोलवडहून येतं आहे. डहाणू तालुक्यातलं हे चिकूवाड्यांचं गाव आपल्या पानांवर वर्षातून दोन-चारदा डोकावतं. चिकूचे भाव पडले की येतं, २०१६ साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आलं होतं, आणि डिसेंबरअखेर मुंबईची माणसं बोर्डीच्या किनाऱ्यावर उतरली की पुन्हा येतं. पत्र लिहिणारा इथलाच रहिवासी. आपला अंक रोज वाचणारा, त्यातल्या चुकांवर पेन्सिलीने खुणा करणारा, आणि रविवारी एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत सतरंजीवर बसणारा. त्याची तक्रार एका शब्दाबद्दल आहे. तो शब्द ‘चर्च’.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या आठवड्यात एका दैनिकाचा तरुण वार्ताहर छायाचित्रकाराला घेऊन आला. पत्र्याची शेड, खाली शेणाने सारवलेली जमीन, समोरच्या भिंतीवर मुलांनी कापलेल्या कागदी चांदण्या. दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आत चाळीसेक माणसं गाण्यांची तालीम करत बसलेली, ढोलकी आणि खंजिरीवर. वार्ताहर दारात थबकला. त्याने वर पाहिलं. मनोरा नाही, घंटा नाही, रंगीत काचा नाहीत. “चर्च कुठे आहे?” त्याने विचारलं. दाराशी बसलेल्या एका आजीबाईंनी आतल्या माणसांवरून हात फिरवला. “हे काय, बसलेत की सगळे.”

तो हसला, पाणी प्यायला आणि गेला. दुसऱ्या दिवशी ‘तालुक्यात नाताळची लगबग’ अशा मथळ्याखाली कुठल्याशा शहरातल्या दगडी चर्चचा फोटो आला. फोटोत एकही माणूस नव्हता.

त्या वार्ताहराबद्दल पत्रलेखकाच्या मनात राग नाही. तो शिकलाच तसं होता. पण आजीबाईंच्या उत्तरात विनोद नव्हता, शब्दार्थ होता. बायबलच्या नव्या करारात ज्या ग्रीक शब्दासाठी इंग्रजीत ‘चर्च’ येतं, तो शब्द ‘एक्लेसिया’. ख्रिस्ती लोकांनी तो घडवला नाही, बाजारातून उचलला. ग्रीक नगरांत नागरिकांना हाक घालून बोलावत आणि जमलेले नागरिक मिळून निर्णय घेत. त्या सभेचं नाव एक्लेसिया. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी आपल्या हिब्रू धर्मग्रंथाचं भाषांतर करताना देवापुढे जमलेल्या लोकसमुदायासाठी, म्हणजे ‘काहाल’साठी, हाच शब्द अनेक ठिकाणी वापरला होता. विटा, चुना, छप्पर यांचा त्यात कुठेच मागमूस नाही. ‘चर्च’ हा शब्द निराळ्याच घराण्यातला. तो ‘कुरियाकोन’, म्हणजे ‘प्रभूचं’, या दुसऱ्या ग्रीक शब्दावरून आला आणि वास्तूला चिकटला.

मराठीतली गंमत तर आणखी वेगळी. ‘गिरिजाघर’ या शब्दातल्या गिरिजेचा पार्वतीशी काही संबंध नाही. पोर्तुगीज ‘इग्रेजा’चं ते देशी रूप, आणि इग्रेजा म्हणजे एक्लेसियाचीच नात. अर्थ होता जमलेली माणसं. आपण त्याच्यापुढे घर जोडलं आणि माणसांना बाहेर काढलं.

याउलट मराठी बायबलने एक्लेसियासाठी जो शब्द रुळवला, तो आपल्या घरातला आहे: मंडळी. ‘या मंडळी, बसा’ मधली मंडळी. ‘चर्च’ मराठीत नपुंसकलिंगी आहे. ते बांधलं जातं, रंगवलं जातं, पाडलं जातं. मंडळी येते, जेवते, रुसते, भांडते आणि पुन्हा येते. जुन्या वळणाचे गृहस्थ तर बायकोलाच ‘आमची मंडळी’ म्हणत. आणि पौल नावाच्या प्रेषिताने इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात ख्रिस्त आणि मंडळी यांच्या नात्याला नवरा-बायकोचीच उपमा दिली आहे. हा योग इंग्रजीला कधी साधला नसता.

शब्दासाठी एवढा आटापिटा कशाला, असं कुणी म्हणेल. पण शब्दावरून भांडणारा पत्रलेखक पहिला नव्हे. विल्यम टिंडेलने १५२६ साली नवा करार इंग्रजीत आणला तेव्हा एक्लेसियासाठी त्याने ‘चर्च’ टाळून जमलेल्या समुदायाचा शब्द घातला. सत्तेवरचे धर्माधिकारी खवळले, कारण चर्च म्हणजे जमलेली माणसं असं एकदा ठरलं की अधिकाऱ्यांचं महत्त्व उतरतं. पुढे १६०४ साली राजा जेम्सने नवं भाषांतर करायला घेतलं, तेव्हा भाषांतरकारांना दिलेल्या नियमांतच बजावलं गेलं की ‘चर्च’ हा जुना शब्द बदलायचा नाही. आपल्या शैलीपुस्तिकेत मात्र असा राजाचा हुकूम नाही. तिथे बदल करायला आपण मोकळे आहात.

आता तक्रारी एकेक करून.

पहिली तक्रार इमारतीची. ख्रिस्ती बातमी म्हटली की आपल्याकडे वास्तू येते: किती जुनी, किती उंच, कोणत्या शैलीतली. पण सुरुवातीची दोनेकशे वर्षं ख्रिस्ती लोकांनी उपासनेसाठी खास बांधलेली इमारत सापडत नाही. ते घरांत जमत. पौलाच्या पत्रांत प्रिस्का आणि अक्विला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याच्या घरच्या मंडळीला नमस्कार आहे, निंफा नावाच्या बाईच्या घरच्या मंडळीलाही आहे. आजच्या सीरियात दुरा-युरोपस इथे १९३०च्या दशकात उत्खनन झालं, तेव्हा तिसऱ्या शतकातलं एक साधं राहतं घर मिळालं. भिंत पाडून दोन खोल्यांची एक केलेली, एका कोपऱ्यात बाप्तिस्म्याचं कुंड. उपासनेसाठी वापरलेली आजवर सापडलेली सगळ्यात जुनी ख्रिस्ती वास्तू ती हीच मानतात, आणि तीही मुळात कुणाची तरी राहण्याची जागा.

आपल्याच किनाऱ्याचं पाहा. सहाव्या शतकातल्या कॉस्मास या व्यापारी प्रवाशाने ‘कल्याणा’त ख्रिस्ती लोक आणि त्यांचा बिशप असल्याचं लिहून ठेवलं आहे. ते कल्याण म्हणजे आपलंच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिथे त्या काळची भिंत शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. नोंद राहिली ती माणसांची. पुढे १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि किल्ल्यातली पोर्तुगीजांची चर्चं ओस पडली. त्यांच्या कमानींत आज लग्नाआधीचे फोटो काढतात. पण आजूबाजूच्या गावांतली ख्रिस्ती माणसं कुठे गेली नाहीत. ती शेती करत, केळी पिकवत, आपल्या बोलीत गाणी म्हणत तिथेच राहिली, आणि त्या जुन्या घरांत आजही चर्चला ‘देऊळ’ म्हणणारी माणसं आहेत. आपल्या पुरवण्यांत कमानी दरवर्षी येतात. त्या गावांच्या सलग अडीचशेहून अधिक वर्षांवर किती लेख आले, ते आपणच मोजावं.

दुसरी तक्रार एका दमात सगळ्यांना गुंडाळण्याची. ‘चर्चचा विरोध’, ‘चर्चची भूमिका’, ‘चर्चने नाकारले’ असे मथळे आपण देता. कोणतं चर्च? वसईचा कॅथलिक धर्मप्रांत १९९८ साली मुंबईच्या धर्मप्रांतातून वेगळा झाला आणि डहाणू-तलासरीही त्यात येतात. तिथे फादर असतात, सिस्टर असतात, मिस्सा असते, स्नानसंस्कार असतो. दुसरीकडे प्रोटेस्टंट मंडळ्या; तिथे पाळक असतात, उपासना असते, बाप्तिस्मा असतो, कारभार पंच पाहतात. शिवाय गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या स्वतंत्र फेलोशिप आहेत, ज्यांचा या दोघांशीही कारभाराचा संबंध नाही. यातल्या एका पाळकाने काही म्हटलं तर ते चर्चने म्हटलं असं छापणं, म्हणजे एका कीर्तनकाराचं वाक्य सगळ्या वारकऱ्यांच्या नावावर घालणं. पाळकाला ‘फादर’ आणि उपासनेला ‘मिस्सा’ लिहिणं तर नित्याचं झालं आहे. दिंडी आणि कावडयात्रा यांत आपण गल्लत करत नाही. मग इथेच का?

तिसरी तक्रार जमिनीच्या बातम्यांची, आणि ती डहाणूच्या जवळची आहे. म्हणून जरा सविस्तर.

१७०८ साली जर्मनीतल्या श्वार्झेनाऊ गावी पाच पुरुष आणि तीन बायका, अशा आठ माणसांनी एडर नदीत उतरून बाप्तिस्मा घेतला. आपल्यातल्या पहिल्याला बाप्तिस्मा कुणी दिला हे त्यांनी मुद्दाम कुणाला सांगितलं नाही. त्याच्या नावाने पंथ निघायला नको म्हणून. हीच ब्रेदरन मंडळी. छळामुळे ती अमेरिकेला गेली. तिथेही आपल्या वास्तूला चर्च न म्हणता ‘जमण्याचं घर’ म्हणण्याची तिची जुनी रीत होती, कारण चर्च म्हणजे आपण स्वतः, हे तिच्या लेखी पक्कं. या मंडळीचे मिशनरी १८९४-९५च्या सुमारास वलसाडला आले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत डहाणूत. डहाणू रोडचं ब्रेदरन मिशनचं रुग्णालय जुन्या लोकांना आठवतं. ब्रेदरन लोकांचा सगळ्यात मोठा विधी म्हणजे प्रीतिभोजन. आधी एकमेकांचे पाय धुवायचे, मग एकत्र साधं जेवायचं, मग भाकर आणि प्याला. ज्या प्रदेशात कुणी कुणाच्या हातचं पाणी प्यावं याचे कडक नियम होते, तिथे हा विधी आला. पायाला हात लावायचा, पाणी ओतायचं, पंचाने पुसायचं, आणि आपलेही पाय दुसऱ्यापुढे करायचे. यातला अवघड भाग कोणता, हे ज्याने केलं आहे त्याला विचारा. दुसऱ्याचे पाय धुणं सोपं असतं. आपले धुऊ देताना माणूस संकोचाने मरतो.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा प्रोटेस्टंट परंपरा एकत्र आल्या आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ जन्माला आलं. त्या सहांत भारतातली ब्रेदरन मंडळीही होती. लहान मुलांना बाप्तिस्मा देणारे आणि फक्त समजत्या वयात देणारे एका छपराखाली आले, दोन्ही रीती मान्य करून. ही गोष्ट लहान नव्हती. पण पुढे गुजरातेतल्या ब्रेदरनांपैकी काही जण म्हणाले, आम्ही विलीन झालोच नाही. आणि प्रश्न मालमत्तेवर येऊन ठेपला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही बाब दिवाणी न्यायालयाची नव्हे, धर्मादाय आयुक्तांकडे जायला हवी. २०१३ साली त्याच न्यायालयाने ठरवलं की नुसते ठराव करून न्यास विलीन होत नाही, कायद्याने घालून दिलेली रीत पाळावी लागते. म्हणजे नागपूरच्या त्या समारंभानंतर ४३ वर्षांनी.

अशा बातमीत आपण सर्व्हे नंबर देता, न्यासाचं नाव देता, दोन्हीकडच्या वकिलांचं म्हणणं देता. पत्रलेखक म्हणतो, ते द्याच. पण त्या ४३ वर्षांत त्या बाकांवर कोण बसत होतं, एकाच घरातल्या दोन भावांपैकी एक सकाळच्या उपासनेला आणि दुसरा संध्याकाळच्या उपासनेला जाऊ लागला का, कुणाचं लग्न कोणत्या पाळकाने लावायचं यावरून काय झालं, हेही विचारा. न्यायालयासमोर प्रश्न होता न्यासाचा, आणि न्यायालयाने त्याचंच उत्तर दिलं. मंडळीचं काय झालं हा प्रश्न न्यायालयाचा नव्हताच. तो वार्ताहराचा होता.

चौथी तक्रार ख्रिस्ती गोष्टींना लावल्या जाणाऱ्या ‘परकं’ या विशेषणाची. फादर थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं; सुमारे ११ हजार ओव्या, लिपी रोमन, भाषा मराठी. तिथल्या सासष्टीत जमलेल्या लोकांना मोठ्याने वाचून दाखवायचा तो ग्रंथ, एकट्याने खोलीत बसून वाचायचा नव्हे. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरला निघालं. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने बावीस वर्षं मिशनच्या चौकटीत काढली, ख्रिस्ती कीर्तनं केली, अभंग लिहिले, आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. येशूला गुरू मानणाऱ्या माणसांनी जमावं, एवढीच अट. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबारही टिकला नाही. पण मंडळी कुणाला म्हणायचं, तिचं दार कुठवर उघडं ठेवायचं, हा वाद एका मराठी माणसाने मराठीत, स्वतःच्या पगाराची किंमत देऊन घातला. २०२० साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा काही ठिकाणी सूर असा लागला की हे इथे कुठून आले. ते चारशे वर्षांच्या रांगेतून आले होते.

आता आमच्या बाजूचं. एकतर्फी पत्र छापू नये, हे पत्रलेखकालाही कळतं.

आम्हालाही हा शब्द जड जातो. कामगार, गुलाम, श्रीमंत असे सगळे एकत्र जेवतील म्हणून करिंथ शहरात जेवण ठेवलं, तर श्रीमंत लवकर येऊन खाऊन मोकळे होत आणि कष्टकरी उशिरा येऊन उपाशी राहत. पौलाने त्यावर त्यांना खडसावलं. ते पत्र साधारण इसवी सन ५५च्या आसपासचं. महाराष्ट्रातल्या मंडळ्यांनीही आपापली करिंथं केली आहेत. जात पाहून सोयरीक करणारे ख्रिस्ती आहेत, आदिवासी पाळकाला पाहुणा म्हणून मान देऊन पंचांच्या बैठकीत न बोलावणारे आहेत, निवडणुकीपुरते सभासदांच्या यादीत नाव घालणारेही आहेत. हे लिहा. पुराव्याने लिहा, नावानिशी लिहा. आमिष दाखवून कुणी काही केल्याची तक्रार असेल तर तक्रार कुणाची, कुणाविरुद्ध, कोणत्या ठाण्यात, ते छापा. फक्त ‘चर्चने’ असं लिहून मोकळं होऊ नका. ‘चर्चने’ लिहिलं की दोषी माणूस सुटतो आणि त्या दाराशी बसलेल्या आजीबाई अडकतात.

पाचवी तक्रार त्यातूनच येते. घरात जमून प्रार्थना करणाऱ्यांच्या बातमीला ‘अनधिकृत चर्च’ असा मथळा आपल्यापैकी काहींनी दिला आहे. इमारत अनधिकृत असू शकते, तिला नगररचनेचे नियम आहेत. पण अंगणात बसून गाणारी बारा माणसं अनधिकृत कशी? घटनेच्या १९व्या कलमात शांततेने, विनाशस्त्र जमण्याचा हक्क आहे आणि २५व्या कलमात धर्म पाळण्याचा. याच घोलवड-डहाणूच्या पारशी-इराणी शेजाऱ्यांची अंजुमन आहे. त्या शब्दाचा अर्थच सभा. मुसलमान शेजाऱ्यांची जमात आहे. आपलं ‘जमणं’ आणि ‘जमाव’ त्याच अरबी मुळातून आले. बौद्ध शेजारी संघाला शरण जातात. वारल्यांचा पाडा म्हणजे तरी काय, कुडाची घरं की त्यातली नाती? या सगळ्यांना माणसं म्हणून ओळखणाऱ्या आपल्या लेखणीला ख्रिस्ती मंडळीपाशी आल्यावरच बांधकाम का दिसतं?

जमाव आणि मंडळी यांतला फरक मात्र खरा आहे, आणि तो नव्या करारालाही ठाऊक आहे. इफिस शहरात चांदीचे देव्हारे घडवणाऱ्या कारागिरांनी धंदा बुडेल या भीतीने दंगा केला. नाट्यगृहात गर्दी झाली, आणि त्यातल्या बहुतेकांना आपण का जमलो हेच ठाऊक नव्हतं. त्या गर्दीसाठीही लेखकाने एक्लेसिया हाच शब्द वापरला आहे. पत्रलेखकाने या फरकावर बरीच वर्षं विचार केला. त्याला सापडलेली खूण साधी आहे. जमावात कोण आलं नाही, हे कुणाला कळत नाही. मंडळीत एक सतरंजी रिकामी दिसली की उपासनेनंतर कुणीतरी सायकल काढतं.

हे त्याला नीट कळलं ते टाळेबंदीत. २०२०च्या मार्चपासून प्रार्थनास्थळं बंद झाली. राज्यात ती त्या वर्षी १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी उघडली. पुढच्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ला, घटस्थापनेला, पुन्हा उघडली. ‘चर्च बंद’ हे आपल्या मथळ्यातले शब्द बरोबर होते आणि चूकही. शेडला कुलूप होतं. पण ज्या घरात शिधा संपला होता तिथे तांदूळ पोचत होते, आणि ज्याच्या मोबाइलला रेंज होती तो टेकाडावर चढून प्रार्थना ऐकत होता, चार जण त्याच्याभोवती लांब लांब बसून. काही जण मात्र त्या काळात तुटले ते तुटलेच. त्यांच्या घरी कुणी गेलं नाही. शेड उघडल्यावर कळलं.

दरवर्षी भात घरात आलं की इथे हंगामाचा सण होतो. ज्याच्याकडे जे पिकलं ते तो घेऊन येतो: भाताची पायली, पपया, कोंबडा, चिकूची पाटी, एखादा लांबलचक दुधी. उपासनेनंतर लिलाव. एका वर्षी त्या दुधीवर पन्नासपासून बोली लागली आणि रेल्वेत नोकरीला असलेल्या एकाने तो दोनशेला घेतला. पैसे मोजले आणि दुधी पुन्हा मेजावर ठेवला. ‘परत बोला.’ दुसऱ्याने दीडशेला घेतला, त्यानेही परत ठेवला. तिसऱ्यांदा तो एका विधवा बाईंनी वीस रुपयांना मागितला. त्यावर बोली वाढवायला कुणाचं तोंड उघडलं नाही, आणि दुधी त्यांच्या पिशवीत गेला. चर्च म्हणजे काय, यावर पत्रलेखकाला व्याख्यान द्यायला सांगितलं तर तो या दुधीच्या पुढे जाऊ शकणार नाही. त्या दिवशी एकही छायाचित्रकार तिथे नव्हता.

म्हणून विनंत्या, मोजक्याच.

चर्चचा फोटो छापाल तेव्हा त्यात माणसं असू द्या. ‘चर्चने म्हटलं’ लिहिण्याआधी कोणत्या मंडळीच्या, कोणत्या पदावरच्या, कोणत्या माणसाने म्हटलं ते लिहा. फादर आणि पाळक, मिस्सा आणि उपासना, स्नानसंस्कार आणि बाप्तिस्मा यांची चार ओळींची टीप उपसंपादकांच्या मेजावर चिकटवा. हवी तर पत्रलेखक पोस्टाने पाठवील. मालमत्तेच्या वादात सभासदांना विचारा, फक्त विश्वस्तांना नव्हे. ‘मंडळी’ हा शब्द बातमीत वापरायला बिचकू नका. वाचकाला कळेल, तो त्याच्या घरातलाच आहे. आणि डिसेंबर सोडून एखाद्या भलत्याच महिन्यात या.

शक्य असेल तर दिवाळीनंतर या. तेव्हा निम्मी मंडळी वीटभट्ट्यांवर गेलेली असते आणि शेड मोकळी मोकळी दिसते. उपासना दहाची म्हणतात, साडेदहाला सुरू होते. संपल्यावर सेक्रेटरी निळ्या पुठ्ठ्याची वही उघडून आज कोण आलं नाही ते वाचतात: कोण भट्टीवर, कोण दवाखान्यात, कोण रुसून घरी बसलं आहे. मग ठरतं, कुणाकडे कोणी जायचं. भट्टीवरच्या लोकांकडे महिन्यातून एकदा तीन-चार जण एसटीने जातात. एखाद्या खेपेला त्यांच्याबरोबर चला. गाडीत जागा होईल, आणि पोळी-भाजीचा डबा आमच्याकडून.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक वाचक, आणि एका मंडळीचा सभासद
घोलवड, ता. डहाणू, जि. पालघर